शेजारच्या घरातली लवंग

"डोळे मिटा वहिनी, आणि घाई करू नका. पहिला येतो तो वास खरा नसतो. तो जाऊ द्या. मागून येतो तो धरा."

मी डोळे मिटले. हातात ग्लास, ग्लासात तळाशी दोन घोट काळीभोर शिराझ वाइन, आणि समोर कर्णिक मॅडम. आमचे यजमान, ज्यांना अख्खं गाव नाना म्हणतं म्हणून मीही नानाच म्हणते, मागे बॅरलला टेकून माझी फजिती बघायला उभे होते. ते मला मिटल्या डोळ्यांनीसुद्धा दिसत होतं.

"नारळीपाकाचा," मी म्हणाले.

नाना खो खो हसले. "घ्या! फ्रान्सवरून बॅरल आणले, आन् हिला त्यात नारळीपाक सापडला. उद्या पुरनपोळी निघंल."

मॅडम हसल्या नाहीत. "बरोबर आहे. ओकचं लाकूड खोबऱ्याचा वास देतं. अजून काय?"

"लवंग. आणि काहीतरी भाजलंय. बदाम भाजल्यासारखं."

"बॅरल बांधताना आतून जाळावर शेकतात, त्याचा तो वास. आणि जांभूळ? जांभूळ आहे का?"

मी पुन्हा नाक घातलं. "आहे. पण मागे आहे. लवंगेच्या मागे उभं राहून डोकावतंय."

"नसेल तर नाही म्हणायचं हं. मला बरं वाटावं म्हणून नसलेलं सांगायचं नाही." एवढं बोलून मॅडमनी स्वतःच्या ग्लासातला घोट तोंडात घेतला, या गालातून त्या गालात फिरवला, आणि बादलीत थुंकून टाकला. मग बराच वेळ जीभ टाळूला लावून त्या गप्प उभ्या राहिल्या.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. कादवा नदीच्या काठी आमची द्राक्षबाग. नानांनी जन्मभर खाण्याची द्राक्षं पिकवली आणि नाव कमावलं. मग आजूबाजूला वायनऱ्या निघाल्या तशी यांनाही हुक्की आली. घरात दारूचा थेंब कधी आला नाही, आणि धंदा काढला वाइनचा. माझी सासू तेव्हा होती. ती म्हणाली, "द्राक्ष सडवून विकायचं, तर गोड असतानाच विका की." पण आमच्या नानांनी एकदा मनावर घेतलं की ते ब्रह्मदेवाचंही ऐकत नाहीत.

सुनेत्रा कर्णिक मॅडमना त्यांनीच शोधून आणलं. पुण्याच्या, पन्नाशीच्या, सडसडीत, एकट्या. वीस वर्षं मोठ्या कंपनीत वाइन केली, पण ती सगळी दुसऱ्यांच्या मर्जीची. आमच्याकडे आल्या त्या एकाच अटीवर, की शिराझची वेल कुठं लावायची ते त्या ठरवतील आणि तिची लाल वाइन त्यांच्या मनाप्रमाणे होईल. उताराची, खडकाळ, नानांनी टाकून दिलेली जमीन त्यांनी निवडली. रोपं लावताना चिखलात बसून प्रत्येक काडी स्वतः बघितली. मळ्यातल्या दोन खोल्यांत त्या राहायच्या आणि सकाळचा चहा मी घेऊन जायची.

त्या कधी पावडर लावताना दिसल्या नाहीत, पण त्यांच्या टेबलावर एक जुनी शिसवी फणेरपेटी होती. पूर्वीच्या बायकांकडे कुंकू, मेण, फणी ठेवायला असायची तशी. रोज सकाळी त्या ती उघडायच्या, वाकायच्या आणि मिटून ठेवायच्या. आरशात बघतात म्हणावं तर आरसा कधीच फुटून गेलेला. मी एकदा विचारलं. "आईची आहे," एवढंच म्हणाल्या. मॅडमना बोलतं करणं म्हणजे दगडातून पाणी काढणं, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

पहिली दोन वर्षं आमच्या पांढऱ्या वाइनला कुत्रंही विचारेना. तिसऱ्या वर्षी शिराझ धरली. फाल्गुनात तोड झाली, रस आंबला, आणि मॅडमनी त्याचे दोन वाटे केले. अर्धा स्टीलच्या टाकीत, अर्धा ओकच्या नव्या बॅरलमध्ये. नानांनी जेवताना जाहीर करून टाकलं, "दिवाळीच्या आधी मुंबईहून डिकॉस्टासाहेब येनार. मोठ्या हॉटेलांची वाइन तेच निवडतात. त्यांना ही पटली तर ठीक. नाय पटली तर शिराझ उपटायची आन् खायचं थॉमसन लावायचं. आता हौस पुरे."

मॅडम समोरच होत्या. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला. "पटेल," त्या म्हणाल्या.

त्यानंतर श्रावणात त्यांची स्कूटर गावाजवळच्या चिखलात घसरली. डोक्याला मागून मार बसला. काही आठवडे नाशिकला दवाखान्यात होत्या, मग केस बारीक कापलेले अशा परत आल्या. आल्या त्या आणखीच अबोल झाल्या. फणेरपेटी टेबलावरून उचलून कपाटावर गेली. एकदा तर शेजारी दूध करपून भांडं काळं ठिक्कर पडलं तरी मॅडम आपल्या वाचतायत! मी गॅस बंद करून म्हटलं, पुस्तकात बुडालेल्या माणसाला घर पेटलं तरी कळायचं नाही.

आणि तेव्हापासूनच त्यांनी मला सेलरमध्ये, म्हणजे वाइनच्या कोठीत, बोलवायला सुरुवात केली. "वहिनी, जरा वास सांगा." मला वाटलं, मला शिकवतायत. मनातून हरखलेच मी. शेतकऱ्याच्या बायकोला बाग कळते, पण बागेचं पुढं काय होतं ते कोण कशाला सांगायला बसतंय? मी पीत नव्हते. वास घ्यायचा, घोट फिरवायचा, थुंकायचा. एकादशीला नुसता वास. सासूनं विचारलंच, "वासानं उपास मोडत नाय का गं?" मी म्हटलं, "वासानं मोडत असता तर शेजारणीच्या भज्यांनी तुमचा जन्मभर मोडला असता."

ओक म्हणजे काय चीज आहे, ते मला त्या दिवसांत कळलं. आपल्याला वाटतं लाकडाचं पिंप म्हणजे नुसतं भांडं. तसं नाही. लाकूड वाइनला वास देतं. लाकडातून हळूहळू हवा आत जाते, तिनं वाइनचा करकरीतपणा कमी होतो. आणि लाकडातला तुरटपणा वाइनला पकड देतो. "पण लाकूड म्हणजे लग्नातला सनईवाला," मॅडम म्हणायच्या. "तो हवाच. तो नसला तर मांडव सुना वाटतो. पण तो उठून बोहल्यावर उभा राहिला तर काय करायचं?"

नवरात्राच्या आदल्या दिवशी मी बॅरलची वाइन हुंगली आणि म्हणाले, "मॅडम, आज जांभूळ नाही."

"नीट बघा."

"नाही. नुसती लवंग आणि खोबरं. मिरीचा तो झणका होता ना, तोही नाही."

त्यांनी घोट घेतला. "जीभ कात खाल्ल्यासारखी आवळतेय. सनईवाला बोहल्याकडे निघाला. दसरा झाला की काढायची ही बॅरलमधून, आणि टाकीतल्या वाइनमध्ये मिसळायची. टाकीत जांभूळ आहे, इथं लाकूड आहे. दोन्ही मिळून माणसात येतील."

नानांना हे मुळीच पटलं नाही. "मॅडम, लोकं भारी वाइन कशाला म्हनतात? लाकडाचा वास येतो तिला! आन् तुम्ही त्यात साधी वाइन ओतून पातळ करनार?"

"पातळ नाही करत. तुमची द्राक्षं दिसू देते."

"डिकॉस्टासाहेबानं नाक घातल्याबरोबर ओक लागला पायजे, बास. राहू द्या आजून महिनाभर."

"नाना, अति तिथं माती."

नाना तोंड पाडून निघून गेले. आमचे नाना गप्प बसले की मी सावध होते, कारण त्यांच्या गप्प बसण्यातून आजवर काही चांगलं निघालेलं नाही. पण त्या दिवशी घट बसवायची गडबड होती. दसऱ्याला श्रीखंडासाठी दही टांगायला गेले तर चक्क्याची मलमलची फडकी गायब. घर पालथं घातलं. शेवटी जुन्या धोतराच्या फडक्यात दही टांगलं, आणि नाना पाटावर बसून शहाण्या मुलासारखे तीन वाट्या श्रीखंड खाऊन उठले.

दसऱ्यानंतर मिसळणीचा दिवस उजाडला. मॅडमनी टेबलावर पांढरं कापड अंथरलं, ग्लास मांडले. टाकीचा नळ सोडून एका ग्लासात वाइन घेतली आणि माझ्या हातात दिली. "ही टाकीतली. हिचा वास आधी मनात पक्का करा. मग त्यात बॅरलची थोडी थोडी घालत जाऊ."

मी डोळे मिटले. पहिला वास जाऊ दिला. मागून आला तो धरला, आणि डोळे उघडले.

"मॅडम, ग्लास बदलला का?"

"नाही. का?"

"यात खोबरं आहे."

"टाकीत लाकूड नाही वहिनी. स्टील आहे ते."

"माहितीय मला. पण खोबरं आहे. लवंगही आहे थोडी."

मॅडमनी ग्लास घेतला, घोट तोंडात फिरवला, थुंकला. कपाळाला आठी पडली. "जिभेवर लाकडाचं नावसुद्धा नाही. अगदी साफ आहे."

"हिला सर्दी झाली असंल," नाना दारातून म्हणाले. "चार दिवस हवा गार हाय. आन् घरात खोबरंच किसतीय सकाळपासनं. हाताला लागलं असंल."

मी हात हुंगून बघितले. खोबरं खरंच किसलं होतं. मी स्वतःवरच शंका घेतली. एवढ्या शिकलेल्या बाईची जीभ म्हणते नाही, आणि माझं नाक म्हणतंय आहे, तर खोटं कोण असणार? मी म्हणणारच होते की असेल मॅडम, माझीच चूक असेल.

पण मॅडमनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरले नाही. पुरात उभा असलेला माणूस समोरच्या दोराकडे बघतो ना, हा धरवेल का म्हणून, तसं.

"वहिनी, नक्की?"

मी पुन्हा हुंगलं. "नक्की."

"वहिनी म्हणतात खोबरं, म्हणजे खोबरं." त्यांनी टाकीला शिडी लावली. डोक्याच्या दुखण्यातून उठलेली बाई, पण सरसर वर चढली, झाकण उघडलं, हात आत घातला आणि एक सुतळी ओढली. सुतळीच्या टोकाला पोटली वर आली. लालभडक, गळत असलेली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी.

माझी चक्क्याची फडकी!

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. नाना चपला घालायला लागले होते.

"थांबा," मी म्हटलं. "काय आहे यात?"

"ओकच्या चिपा," नाना भिंतीकडे बघत म्हणाले. "बॅरलवाल्यानं नमुना म्हनून दिलेल्या. म्हटलं, बिर्यानीत मसाल्याची पोटली सोडतात, तशी सोडू. टाकीतल्या वाइनलाबी जरा भारीपना येईल. द्राक्षाला जीएचा डोस थोडा वाढवला का मनी टरारून फुगतो, तसं..."

द्राक्षवाल्या माणसानंच करावी अशी चूक होती ती. औषध थोडं जास्त दिलं की माल टपोरा होतो, हे ज्याच्या रक्तात भिनलंय, त्याला कमीपणाची किंमत कशी कळावी? उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. पण मला हसू येईना. जांभूळ टिकवून ठेवलेली ती एकच टाकी होती. बॅरलची वाइन लाकडानं खाल्लेली, आता टाकीही बाटलेली. डिकॉस्टासाहेब चार दिवसांवर. मला डोळ्यांपुढं उतारावरची शिराझ मुळासकट उपटलेली दिसायला लागली.

मॅडम शिडीवरून उतरल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पोटली सोडून एक चीप काढली आणि दातांखाली धरून चावली. "कधी सोडल्या?"

"घट बसले त्या दिवशी."

"म्हणजे वास चढलाय, पण पकड उतरलेली नाही. म्हणून जीभ साफ म्हणत होती." त्या स्वतःशीच बोलत होत्या. मग एकदम ताठ झाल्या. "ठीक आहे. वास आता टाकीत आलाच आहे, तर बॅरलकडून वास घ्यायचाच नाही. बॅरलकडून फक्त पकड घ्यायची. ठरवलं होतं त्यापेक्षा पुष्कळ कमी. इतकी कमी की बाहेर कळू नये आणि आत टेकू मिळावा. वहिनी, तुम्ही वास धरा. मी पकड धरते."

"आन् मी?" नाना हळूच म्हणाले.

"तुम्ही ग्लास धुवा."

लग्न झाल्यापासून आमच्या नानांनी पाण्याचा तांब्या स्वतः उचलल्याचं मला आठवत नव्हतं. त्या दुपारी ते सेलरच्या मोरीवर ग्लास धूत बसले.

आम्ही दोघी टेबलाशी उभ्या. मॅडम काचेच्या मापात टाकीची वाइन घ्यायच्या, बॅरलची थेंबाथेंबानं घालायच्या. मी हुंगायची. "लवंग पुढे आली." थोडी कमी. "आता जांभूळ आहे, पण एकटंच वाटतंय." मॅडम घोट घ्यायच्या, "पाय नाहीत हिला, लटपटतेय," आणि किंचित वाढवायच्या. कधी माझं नाक हो म्हणायचं तर त्यांची जीभ नाही म्हणायची. कधी त्यांची जीभ खूश तर माझं नाक नाराज. कंटाळा म्हणून कसा तो त्यांना नव्हता. मी थकून बसले तर त्या म्हणाल्या, "बाहेर जा, ओली माती हुंगून या, नाक मोकळं होईल." मी गेले, आले, पुन्हा उभी राहिले. एवढ्या निगुतीनं काम करणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. आमची आजी मोत्याची नथ ओवून घ्यायची तेव्हा ओवणारा असा श्वास धरून बसायचा, तेवढं एक आठवतं.

उन्हं कलली तेव्हा एक ग्लास हातात आला. मी डोळे मिटले.

"जांभूळ," मी म्हणाले. "पिकलेलं, जिभेला रंग लागेल असं. मागून मिरी. आणि मग..." मी थांबले. शब्द सापडेना. "मग कुणीतरी लवंग भाजतंय. पण इथं नाही. शेजारच्या घरात."

"शेजारच्या?" मॅडमचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आपल्या घरात नाही ना?"

"नाही. शेजारच्या. खिडकी उघडी आहे म्हणून येतोय."

त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. जीभ टाळूला लावून किती तरी वेळ उभ्या राहिल्या.

"आधी आवळते, मग सोडते," त्या म्हणाल्या. "सोडते वहिनी. हीच ती."

आणि ज्यांनी पोटल्या बघून आवाज चढवला नव्हता, त्या मॅडम कापडाच्या टोकानं डोळे पुसायला लागल्या.

डिकॉस्टासाहेब आले ते एकटेच, म्हातारे, काटकुळे, कुणाशी फार न बोलणारे. मी काजू ठेवले होते, त्यांनी बाजूला सारले. ग्लास उजेडात धरला. हुंगला. ठेवला. पुन्हा हुंगला. नाना शेजारी उभे राहून श्वास घ्यायचे विसरले होते. साहेबांनी घोट घेतला आणि थुंकला नाही, गिळला.

"ओक कुठं लपवलात, मॅडम?" ते म्हणाले. "आहे, पण दाखवत नाही. इथं सगळे मला लाकूड पाजतात. टेबल चाटल्यासारखं वाटतं."

नानांनी खाली बघितलं.

"मी घेतो ही," साहेब म्हणाले. "सगळी. आणि ऐका, मी बाटली बघून शब्द देत नाही, माणूस बघून देतो. पुढची वर्षंही तुमच्याकडूनच घेईन. तुमच्या नाकावर माझा भरवसा बसला."

झालं! माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. नानांनी तर खिशातून पेढ्यांचा पुडाच काढला. देवाला ठेवलेले पेढे, कधी खिशात घातले होते कोण जाणे. शिराझ वाचली होती. मॅडमनी नुसतं "थँक यू" म्हणायचं होतं.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "साहेब, नाकावर नका बसवू भरवसा. मला वास येत नाही."

पेढ्यांचा पुडा नानांच्या हातात तसाच राहिला.

"श्रावणात पडले. डोक्याला मागे मार लागला, तेव्हापासून. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणार नाही. जिभेवरचं कळतं. आंबट, तुरट, आवळणं, सोडणं, ते सगळं कळतं. वास नाही. या वाइनमधलं जांभूळ, मिरी, लवंग, यातलं काही मी घेतलेलं नाही. ते या वहिनींनी घेतलंय."

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मॅडमनी ती भर टेबलावर उघडून दाखवली. माझ्या डोक्यात एकदम सगळं उलगडलं. करपलेलं दूध, कपाटावर गेलेली फणेरपेटी, "नसेल तर नाही म्हणायचं हं." मला वाटत होतं त्या मला शिकवतायत. त्या माझ्या नाकाचं बोट धरून रस्ता ओलांडत होत्या. आणि त्या दिवशी स्वतःची जीभ नाही म्हणत असताना माझ्या शब्दावर शिडी चढल्या होत्या! अशी छाती कुठून आणतात माणसं?

डिकॉस्टासाहेबांनी ग्लास माझ्यासमोर सरकवला. "मग तुम्ही सांगा. काय आहे यात?"

मी डोळे मिटले. पहिला वास जाऊ दिला. "जांभूळ. मागून मिरी. आणि शेजारच्या घरात कुणीतरी लवंग भाजतंय."

साहेबांनी ग्लास परत घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ हुंगत राहिले. मग त्यांच्या सुरकुतल्या गालावर हसू आलं. "शेजारच्या घरात," ते म्हणाले. "बरोबर. अगदी बरोबर." मॅडमकडे वळून म्हणाले, "मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे. नाक असलेले पुष्कळ भेटले. नाक नाही म्हणून सांगणारं आज पहिलं माणूस भेटलं. शब्द दिला तो दिला. फक्त दोघींना दिला."

तेवढ्यात नानांना कंठ फुटला. "नाक आमच्या घरचंच हाय साहेब!" छाती अशी पुढं, जणू ते नाक त्यांनीच छाटणी करून वाढवलेलं. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते मुकाट्यानं पेढे वाटायला लागले.

साहेबांची गाडी गेल्यावर मी चहा घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. ऊन खिडकीतून तिरपं आलेलं. मी कप ठेवला आणि भांडायलाच उभी राहिले. "का सांगितलंत? त्यांना कधी कळलं नसतं."

"ते पुढच्या वर्षांसाठी माझ्या नाकावर शब्द देत होते वहिनी. नसलेल्या वस्तूवर कसा घेऊ?"

"आणि मला? मला का नाही सांगितलंत इतके दिवस?"

"तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मला जपून वास सांगितले असते. मला वाईट वाटू नये असे. मला खरे हवे होते."

मी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. उठल्या, कपाटावरची फणेरपेटी काढली, धूळ पदरानं पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"आईला जाऊन अकरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "लाकूड देतं तसं धरूनही ठेवतं. हिच्यात आई होती. रोज सकाळी असायची. श्रावणापासून मी उघडून बघितलं, काहीच नाही. मला कळत नाही की माझं नाक गेलंय, की तीही गेली." त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "बघता का जरा? नसेल तर नाही म्हणायचं."

मी झाकण उघडलं. नसेल तर नाही म्हणायचं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्या क्षणी मला ते शिकल्याचा पश्चात्ताप झाला. मी वाकले. धूळ. जुनं लाकूड. बाकी काही नाही.

पण पहिला येतो तो वास खरा नसतो. मी तो जाऊ दिला. डोळे मिटून तशीच वाकून राहिले. आणि मग लाकडाच्या आतून हळूच आला. मेणाचा, कुंकवाचा, आणि डोक्याला लावून मुरलेल्या खोबरेल तेलाचा. त्याच्याही मागे एक होता, त्याला नाव नाही. आंघोळ करून, केस पुसत, कुणी आपल्या जवळून गेलं की येतो तो.

"आहे, मॅडम," मी म्हणाले.

त्या वळल्या नाहीत. मग तसंच खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "शेजारच्या घरात?"

"नाही," मी म्हटलं. "आपल्याच."